हात हलला नव्हता

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅश आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसायचं आणि बटण दाबलं की लख्ख उजेड पाडायचा, हे माझं काम. कारखान्यातून निघालो तो लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांच्या हाती पडलो. ते मला नेहमी पूर्ण जोरावर ठेवत. अख्खा हॉल उजळायचा, म्हातारी माणसं डोळे मिचकावत म्हणायची, "काय बाई हा उजेड!" मी भलताच तोऱ्यात असे.

त्यांच्या मुलीलाही फोटोंचा भारी नाद. परवा ते तिला म्हणाले, "पाणी उडतानाचा एक फोटो काढून दाखव. फ्लॅश फुल ठेव. थेंब न् थेंब स्वच्छ आला, तर रविवारच्या लग्नात दुसरा कॅमेरा तुझ्या हातात." पोरगी हरखली.

स्वयंपाकघराचे पडदे ओढले. ओट्यावर पाण्याने भरलेलं काचेचं भांडं आलं. आई स्टुलावर चढून लिंबू टाकायची, मुलगी बटण दाबायची आणि मी जीव खाऊन चमकायचो. पण फोटोत थेंबांच्या जागी नुसते पांढरे फराटे! ओटा भिजला, आई भिजली, लिंबूसुद्धा दमलं.

बाबांनी फोटो पाहिले. "हात हलतोय तुझा. राहू दे, तुझ्याच्याने नाही व्हायचं."

"अहो, मी समोरच होते. नाही हलला तिचा हात," आई म्हणाली.

"मग काय फ्लॅशने दगा दिला? इतकी लग्नं काढली मी याच्यावर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण खोट माझ्यातच होती. पूर्ण जोरावर माझा उजेड जरासा रेंगाळतो. हॉलमध्ये हसत उभ्या असलेल्या माणसांना ते चालतं, पण पाणी थोडंच थांबतंय? तेवढ्यात ते पुढे पळतं. हे मला ठाऊक होतं, पण सांगू कसा? माझी मान चहूकडे फिरते, लाजेने खाली मात्र घालता येत नाही.

बाबा बाहेर गेल्यावर तिने एक पेला काठोकाठ भरला, तळहातावर ठेवला आणि हात लांब करून उभी राहिली. एक थेंब सांडला नाही. तरी ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, खरंच हलतो का गं माझा हात?"

माझे सेल संपत आले होते. ते पुरावेत म्हणून तिने माझा जोर अगदी कमी केला. मग उजेड कमी पडेल म्हणून मला कॅमेऱ्यावरून उतरवून, त्याला लांब वायरने जोडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पार भांड्याशेजारी बसवलं. लिंबू पडलं. मी चमकतो न चमकतो तोच विझलो. आणि फोटोत उडालेलं पाणी जागच्या जागी उभं, थेंब न् थेंब मण्यासारखा!

माझा जोर कमी केल्याचं तिने सांगितलं, तेव्हा बाबांनी तो फोटो आधीच्या फराट्यांशी ताडून पाहिला. "फुल ठेव, असं मीच सांगितलं होतं ना?" ते हळूच म्हणाले. "हात नव्हता हलला गं तुझा. चुकलं माझं."

रविवारी ती कॅमेरा घेऊन गेली. मी होतोच वर. कुणीतरी माझ्या उजेडाचं कौतुक केलं, पण मला ते गोड लागलं नाही.

मित्रांनो, मला ठेवताना सेल काढा, पुसून ठेवा, एवढं कराच. पण फोटो बिघडला तर आधी मला तपासा, मग कुणाच्या हाताला बोल लावा. तो काठोकाठ भरलेला पेला अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.