चार पात्यांचा पंखा

रॉइस टॅकेटची बोट आमच्या उजवीकडून पुढे गेली तेव्हा व्हर्लिनने मान वळवून तिच्याकडे पाहिले. एवढेच झाले. मान वळवली तर त्यात काय, असे कोणीही म्हणेल, आणि ते बहुधा बरोबरच असेल. पण व्हर्लिन माझ्या बोटीत डाव्या खुर्चीवर कित्येक वर्षे बसत आला आहे. या काळात सोनेरी कण चमकणाऱ्या किती तरी महागड्या फायबरच्या बोटी आमच्या शेजारून सूं करून गेल्या. त्याने थर्मासवरून कधी नजर उचलली नव्हती. बोट पळायला लागली की तो कॉफी ओतायला घेतो, ही त्याची सवय.

रॉइसची बोट फायबरची नव्हती, हेच तर दुखणे. ती माझ्या बोटीची सख्खी बहीण होती. तोच कारखाना, तेच वर्ष, तोच गडद हिरवा रंग, मागे तेवढ्याच ताकदीचे इंजिन. आमच्या मासेमारीच्या क्लबातले लोक ॲल्युमिनियमच्या बोटींना ‘पत्र्याचे डबे’ म्हणतात. माझा डबा कितीही रेटला तरी ताशी सदतीस मैलांच्या पुढे जात नसे. रॉइसचा चव्वेचाळीसने जायचा.

“काय पळतेय रे!” व्हर्लिन म्हणाला.

“वजन कमी असेल बोटीत,” मी म्हणालो.

“वजन कमी? रॉइसचं पोट बघितलंयस का तू?”

तो हसला. मीही हसलो, पण माझे हसणे मलाच खोटे वाटले.

व्हर्लिन आमच्या गावाचा दातांचा डॉक्टर होता. अर्ध्या गावाच्या दाढा त्याने काढल्या, आणि जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून पाहता पाहता स्वतःची पाठ घालवली. मी शाळेच्या ग्रंथालयात होतो. मला चारचौघांत बोलता येत नाही. व्हर्लिनला गप्प बसलेला माणूस चालतो. मैत्रीचे याहून मोठे कारण मला कधी सापडले नाही, आणि म्हणूनच ती टिकेल की नाही याची धाकधूक मला नेहमी असते.

रॉइस दोन वर्षांपूर्वी मेम्फिसकडून आमच्या धरणाकाठी राहायला आला. पन्नाशीचा, मोठ्याने हसणारा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. क्लबात त्याला अजून जोडीदार नव्हता. आणि ऑक्टोबरात जोड्यांची स्पर्धा होती. एका बोटीत दोघे, दोघांच्या माशांचे मिळून वजन. नदीन नावाच्या बाईच्या आमिषांच्या दुकानात भिंतीवर तक्ता लागतो आणि त्यावर जोडीने नावे लिहायची असतात. दरवर्षी सप्टेंबर लागताच व्हर्लिन आमची नावे लिहून मोकळा होई. या वर्षी सप्टेंबर संपत आला तरी तक्त्यावर आम्ही नव्हतो.

विचारायचे धाडस मला झाले नाही. मग एका बुधवारी मी किराणा आणायला गेलो आणि येताना उगाचच धरणाच्या रस्त्याने आलो. बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर रॉइसची गाडी उभी होती, आणि तिच्या शेजारी व्हर्लिनची.

शनिवारी मी सहज विचारल्यासारखे विचारले, “बुधवारी गेला होतास म्हणे?”

“रॉइस बोलावत होता कधीचा. गेलो.”

“कशी आहे बोट?”

“तुझीच आहे की.”

“पण पळते.”

“पळते,” व्हर्लिन म्हणाला, आणि पावातले सॉसेज दाताने तोडत पाण्याकडे पाहत राहिला. माझ्यासारख्या माणसाला एवढा एक शब्द आठवडाभर पुरतो.

पुढे मी जे केले ते मला येते तेच केले. वाचायला बसलो. आमच्यासारख्या बोटींचे मालक इंटरनेटवर एका ठिकाणी आपापले अनुभव लिहितात. मी तिथे कधी एक ओळही लिहिली नाही, पण वाचले सगळे. कोणी लिहिले होते, इंजिन बोल्टच्या एका भोकाने वर उचलून बसवले आणि वेग तीन मैलांनी वाढला. कोणी पुढच्या बॅटऱ्या मागे नेल्या, म्हणजे बोटीचे नाक हलके होऊन पाण्यातून वर आले. कोणी इंजिनाचा पाण्यात फिरणारा चार पात्यांचा पंखा काढून तीन पात्यांचा लावला आणि त्याला बोट नवी मिळाल्यासारखे झाले. माझ्या बोटीत सगळे नेमके उलट होते: इंजिन खालच्या भोकात, बॅटऱ्या नाकात, पंखा चार पात्यांचा. पंखा व्हर्लिननेच आणला होता, फार वर्षांपूर्वी. “हा लाव, बोट शहाण्यासारखी चालेल,” म्हणाला होता. मी लावला. का, ते विचारले नव्हते. मला वाटले, स्वस्तात मिळाला असेल.

गावातल्या गॅरेजात मी तिन्ही गोष्टी बदलून घेतल्या. गॅरेजवाला म्हणाला, “काय ग्रंथपाल, या वयात शर्यती?” माझे कान लाल झाले.

जुना पंखा मी नदीनच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला. आपल्याला नको ते तिथे ठेवायचे, ज्याला हवे त्याने उचलायचे, आणि कोणी ठेवले, कोणी नेले हे विचारायचे नाही, अशी आमच्याकडची रीत. ठेवले की ते आपले राहिले नाही. नदीन काउंटरवरून म्हणाली, “पंखा चांगला दिसतोय की, राजा. नक्की ना?”

“नक्की,” मी म्हणालो. आयुष्यात हा शब्द मी फार वेळा वापरलेला नाही.

त्या दुपारी मी एकटाच पाण्यावर गेलो. वारा नव्हता. नाक उचलले गेले आणि बोट अशी सुटली की टोपी मागे उडाली. काटा पंचेचाळिसाला टेकला. रॉइसपेक्षा एका मैलाने जास्त! माझ्या तोंडून काही तरी ओरडणे निघाले. पाण्यावर कोणी नव्हते म्हणून बरे.

शनिवारी वारा होता. मुख्य पात्रात लाटांना पांढऱ्या कडा आल्या होत्या. शहाणा माणूस काठाकाठाने गेला असता. पण रॉइस पुढे चालला होता, एकटा, आणि मला तेवढेच दिसत होते. व्हर्लिनने थर्मासचे झाकण काढले. मी इंजिन पूर्ण उघडले.

बोटीने नाक वर केले, आपटले, पुन्हा वर केले, पुन्हा आपटले. पत्र्याखाली कोणी घण घालत असावे तसा आवाज. रॉइस जवळ आला, शेजारी आला, मागे पडला. त्याने हात हलवला, तो मी पाहून न पाहिल्यासारखा केला.

“बघितलंस?” मी ओरडलो. “व्हर्लिन! मागे टाकला की नाही?”

मी वळून पाहिले. कॉफी त्याच्या मांडीवर सांडली होती. दोन्ही हातांनी त्याने खुर्चीच्या कडा धरल्या होत्या आणि चेहरा कागदासारखा झाला होता.

“थांबव,” तो म्हणाला. “लोवेल, थांबव रे बाबा.”

मी थांबवली. बोट लाटांवर हलत राहिली.

“पंखा कुठाय माझा?” त्याने विचारले.

“बदलला. जुना टेबलावर ठेवला, नदीनकडे.”

“अरे गाढवा.”

तो हे रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते. तो दमून म्हणाला.

“पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाला, बोटीचं नाव काढू नका. म्हणून शोधून शोधून आणला होता तो पंखा. बॅटऱ्या पुढे कुणी टाकायला लावल्या तुला? इंजिन खाली कुणी ठेवायला सांगितलं? नाक खाली राहिलं, मागचा भाग तरंगला, की लाट चिरत जाते बोट, आपटत नाही. हळू जाते, तर जाऊ दे ना. मला काय विमान पकडायचंय?”

“तू सांगितलं नाहीस.”

“सत्तरीच्या माणसाने काय सांगायचं, माझं बूड दुखतं म्हणून?”

“पण तू त्याच्या बोटीकडे वळून बघितलंस,” मी म्हणालो. म्हणताना मला कळत होते की मी बारा वर्षांच्या मुलीसारखा बोलतो आहे.

“बघितलं, कारण ती उड्या मारत होती! आत बसलेल्याचं काय होत असेल, ते बघत होतो. बुधवारी त्याने मला नेलं ते त्यासाठीच. त्याची बायको बोटीत पाय ठेवत नाही, मणके मोडतात म्हणते. मला म्हणाला, मिस्टर लोवेलची बोट इतकी मऊ कशी चालते हो? मी म्हटलं, त्यांच्यासारखा पंखा बघ.”

म्हणजे रॉइसला माझ्या बोटीचा हेवा वाटत होता! हे ऐकून मला क्षणभर जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. मग पुढचे लक्षात आले.

उताराला परत येताच मी नदीनच्या दुकानात गेलो. टेबलावर पंखा नव्हता. कोणी नेला ते विचारायचे नसते. विचारायची गरजही नव्हती. उतारावर रॉइसची बोट गाडीमागे लावलेली होती आणि इंजिन वर उचललेले होते. तीन पाती. पण शेजारी गाडीच्या हौद्यात, चिंध्यांवर, चार पात्यांचा पंखा ठेवला होता. त्याच्या एका पात्याला बुडलेल्या ओंडक्यावर आपटून पडलेला पोचा होता. तो पोचा माझा होता.

मी तिथे उभा राहिलो. रॉइस म्हणाला, “मिस्टर लोवेल, काय पळवलीत हो आज!” मी म्हणालो, वारा फार आहे. आणि घरी आलो.

तसला पंखा मागवला तर यायला नोव्हेंबरअखेरचे थँक्सगिव्हिंग उजाडणार होते. गॅरेजवाला इंजिन खाली घ्यायला स्पर्धेनंतरच मोकळा होता. बॅटऱ्या तेवढ्या मी पुढे नेल्या, पण त्याने फारसे भागले नाही. दरम्यान व्हर्लिनने तक्त्यावर आमची नावे लिहिली होती. मी रोज सकाळी दुकानात जाऊन ती पाहून येत असे.

स्पर्धेच्या सकाळी पुन्हा वारा. उतारावर सगळा क्लब जमलेला. रॉइसच्या नावापुढची जागा रिकामीच होती. नियमात एकट्याला बंदी नव्हती, तेव्हा तो एकटाच उतरणार होता. व्हर्लिन कमरेला पट्टा बांधून आला होता. त्याने माझ्या बोटीकडे पाहिले, मग पाण्याकडे. आणि मी, जो कधी आपणहून बोलत नाही, तो बोललो.

“तू रॉइसबरोबर जा. त्याची बोट आता त्या पंख्याने मऊ चालते. माझ्या बोटीत तुझी पाठ राहायची नाही.”

मला वाटले, तो म्हणेल, चल रे, वेड्यासारखं बोलू नकोस. त्याने म्हणावे म्हणूनच मी म्हणालो होतो. आता खोटे कशाला लिहू?

“बरं,” व्हर्लिन म्हणाला. “तुझी हरकत नसेल तर.”

“माझी कसली हरकत?”

नदीनने तक्त्यावर खोडाखोड केली. “ग्रंथपालांनी घटस्फोट दिला वाटतं,” कोणी तरी म्हणाले, आणि लोक हसले. रॉइस मात्र हसला नाही. “सांभाळून नेतो, मिस्टर लोवेल,” असे तो हळूच म्हणाला. त्यामुळे मला त्याचा जास्तच राग आला.

शिट्टी झाली आणि मी सुटलो. कुठे जायचे हे ठरलेले होते. खडकाच्या टोकाखाली, खोल पाण्यात, व्हर्लिनने आणि मी कधी काळी सीडरची झाडे दगड बांधून बुडवली होती. बास मासे त्यांच्या फांद्यांत राहतात. जागा जो आधी पोचेल त्याची, हा आमचा नियम. माझे दात वाजत होते, आमिषांचा डबा उलटला, पण मी पहिला पोचलो.

मागून ते आले. रॉइसची बोट लाटांतून नाक खाली घालून, घाई नसल्यासारखी येत होती. व्हर्लिन डाव्या खुर्चीवर मागे टेकून बसला होता. आणि बोट अजून चालती असताना त्याने थर्मास उघडून कपात कॉफी ओतली. एक थेंब सांडला नाही. इतकी वर्षे तो हे माझ्या शेजारी करत होता आणि मी कधी नीट पाहिलेही नव्हते.

रॉइसने ठरलेल्या अंतरावर बोट थांबवली. “जागा तुमची, मिस्टर लोवेल!”

“बस तू,” व्हर्लिन ओरडला. “आधी पोचलायस.”

मी जागा सोडली नाही. सोडायला हवी होती का, कोण जाणे. झाडे निम्मी त्याची होती. मी गळ टाकत राहिलो, आणि थोड्या वेळाने एका फांदीपाशी दोरी जड झाली. मासा मोठा होता. पाण्यावर उडी मारून त्याने तोंड झटकले तेव्हा रॉइसदेखील “आईगं!” म्हणाला. मी मासा बोटीच्या कडेपर्यंत आणला. एका हातात काठी, दुसरा हात मासा उचलायच्या दांड्याच्या जाळ्याकडे. पण जाळे डाव्या खुर्चीमागे होते, जिथे ते नेहमी असते, आणि माझा हात तिथवर पोचत नव्हता. माझ्या बोटीत जाळे मी कधीच धरले नाही. ते काम व्हर्लिनचे.

मी त्याच्याकडे पाहिले. तो रॉइसच्या बोटीत अर्धा उठला होता, पाठीचा विचार न करता. कप खाली पडला होता. आणि त्याचा डावा हात मागे, खुर्चीच्या पाठीमागे, काही तरी शोधत होता.

तिथे काहीच नव्हते. रॉइस आपले जाळे पुढे ठेवतो.

मासा सुटला. त्याचे मला वाईट वाटले नाही असे नाही. पण तो हात मी पाहिला होता. रॉइसनेही पाहिला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते, आणि त्या दिवशी मला आणखी काही नको होते.