पाडव्याचा भोंगा

दगडूच्या रुपयातले बारा आणे वजा करायचे आणि उरलेल्या चार आण्यांवर त्याला चहा पाजायचा, असा परदेशीपुऱ्यातल्या त्या गल्लीचा कायदाच होता. कताई खात्यात असताना त्याने म्हणे एकदा इतकं बारीक सूत काढलं, की ते साहेबाला दिसेना. शेवटी मांजराच्या मिशीला गाठ मारून दाखवावं लागलं. एका रंगपंचमीला गेरीत, रंगाच्या मिरवणुकीत, अंगावर उडालेला जांभळा रंग काही केल्या निघेना, तेव्हा महूच्या पलटणीतल्या डॉक्टरने त्याला वांग्याची नवी जात समजून तीन दिवस ठेवून घेतलं होतं. लोक पोटं धरून हसत. ‘फेको भिया, फेको’ म्हणत. विश्वास मात्र कुणी ठेवत नसे, आणि तेवढ्या एका भरवशावर दगडू जन्मभर बिनघोर खोटं बोलत आला होता.

मिलला टाळं लागल्यानंतरचा तो दुसरा फाल्गुन. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्याच्या गाड्यापाशी आठदहा जण उभे होते. कानांच्या पाळ्या अजून हिरव्या-गुलाबी, पण तोंडं अशी, जशी मयतीहून आलेली. शेजारचा श्रीकृष्ण तर पोह्यांत नुसता चमचा फिरवत होता. टाइम ऑफिसातला कारकून, वीस वर्षं लोकांच्या हजेऱ्या लावल्या आणि आता स्वतःच कुठे हजर व्हायचं ते त्याला कळेना. दगडूला ते बघवेना. तोंडाला खाज सुटली.

‘‘खबर नाही का तुम्हाला?’’ तो म्हणाला. ‘‘पाडव्याला भोंगा वाजणार.’’

‘‘काय बात करता भिया!’’

‘‘बॉयलर साफ करायला माणसं घेतलीत आत. मी आपल्या डोळ्यांनी धूर बघितला. चिमणीवरची कबुतरं खोकत होती.’’

कबुतरं खोकली की हशा येणार आणि गोष्ट तिथेच मिटणार, असा त्याचा हिशेब. पण कुणी हसलंच नाही. सुधाकर म्हणून एक जॉबर, खात्याचा मुकादम, होता, त्याने हातातली जिलेबी खाली ठेवली आणि विचारलं, ‘‘पहिली पाळी सात वाजताचीच ना?’’

दगडू म्हणाला, ‘‘सातचीच.’’

त्या एका शब्दाचं पुढे त्याला आश्चर्य वाटत राहिलं. तेवढं बोलला नसता तरी चाललं असतं.

दुपारपर्यंत गल्ली उलटीपालटी झाली. दीड वर्षं गल्लीत कुणी खाटेखालचा कचरासुद्धा काढला नव्हता. पुरुषमाणसं आठ वाजेपर्यंत लोळत, बायका एका शेठच्या अगरबत्त्या वळत, चहा कधी नवाला तर कधी अकराला. आता एकेका घरातून खाटा बाहेर आल्या, त्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतून ढेकूण मारले गेले. रजया कडुनिंबाचा पाला घालून पेटीत गेल्या. डबे राखेने घासून उन्हात असे मांडले, की बघणाऱ्याचे डोळे दिपावे. ड्रमात चुना रटरटू लागला. समोरच्या प्रेमलतावहिनींनी गजराचं घड्याळ दुरुस्त करून आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला नळावर भांड्यांचा आवाज सुरू झाला, पूर्वीसारखा. आधीपासून सवय लावलेली बरी, म्हणे.

दगडूची बायको कांताबाई हिची सफाई दरवर्षी चौदा एप्रिलसाठी. महूला जयंतीला निघालेले पाहुणे आधी तिच्याकडे उतरत. या वर्षी तिनेही ती पाडव्याआधीच काढली. पाच दिवसांनी, भिंतींना चुना लागत असताना, नवऱ्याची खाकी विजार ट्रंकेतून काढून उजेडात धरली आणि विचारलं, ‘‘सच्ची सांगा. धूर दिसला?’’

‘‘दिसला.’’

‘‘मग माझ्या गळ्याला हात लावा.’’

‘‘हाताला चुना आहे,’’ दगडू म्हणाला आणि बादली उचलून श्रीकृष्णाकडे गेला. दोन्ही घरांना चुना दगडूच देई, कारण श्रीकृष्णाला शिडीवर चढलं की चक्कर येई.

तिथे स्वयंपाकघरातली भिंत रंगवताना श्रीकृष्णाची बायको अरुंधतीवहिनी खालून म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुमच्या तोंडात साखर पडो. आम्ही तर निघालोच होतो इथून.’’

‘‘कुठं?’’

‘‘पिथमपूरला. गाड्यांचे पार्ट बनवणारा नवा कारखाना नाही का, तिथून यांना चिठ्ठी आली होती. स्टोअरकीपर. अमावास्येपर्यंत हजर व्हा म्हणून. पण आता आपली मिलच चालू होते म्हटल्यावर हे म्हणाले, सत्तेचाळिसाव्या वर्षी कशाला नवी माणसं?’’ त्यांनी पदराने फळीवरची धूळ टिपली. ‘‘चिठ्ठी ठेवली बाजूला. आणि अमावास्येला रुजू तरी कोण होतं हो?’’

शिडीवर चढून चक्कर येणं म्हणजे काय, ते दगडूला त्या दिवशी समजलं. अमावास्येला चार दिवस होते.

संध्याकाळी तो सरळ श्रीकृष्णाच्या ओट्यावर जाऊन बसला. पक्कं ठरवून गेला होता. पण त्याने तोंड उघडायच्या आत श्रीकृष्णाने विचारलं, ‘‘दगडूभिया, कोळसा आलाय का हो आत?’’ आणि त्या चेहऱ्यावर असं काही होतं, की दगडूच्या तोंडून ‘‘दोन वॅगन’’ असं निघून गेलं.

घरी आल्यावर कांताबाईने पानात भाकरी वाढली नाही. ‘‘नाही ना सांगितलं?’’ ती म्हणाली. ‘‘मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लोकांना हसवायचं असेल तर हसवा, रडवायला कुणी सांगितलं?’’

‘‘उद्या सांगतो.’’

दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं. श्रीकृष्ण पंचा गुंडाळून फरशी धूत होता. दगडू म्हणाला, ‘‘हे बघा, ते भोंग्याचं मी फेकलं होतं. गंमत म्हणून. तुम्ही पिथमपूरला जा.’’

श्रीकृष्णाने खराटा थांबवला आणि हसू लागला. ‘‘व्वा! म्हणजे आता उलटी फिरकी? भिया, तुम्ही एकटे म्हणाला असता तर मी सोडूनच दिलं असतं. पण सुधाकरने परवा धूर बघितला. प्रेमलतावहिनींनी मशीनचा आवाज ऐकला. कोपऱ्यावरच्या अरविंदच्या मेव्हण्याला वॉचमनने सांगितलं की नवे पट्टे चढवलेत.’’

‘‘सुधाकरने? धूर?’’

‘‘काळा, म्हणे. दाट.’’

दगडू तिथून निघाला तो मिलच्या भिंतीपर्यंत चालत गेला आणि तिथे अर्धा तास मान वर करून उभा राहिला. चिमणीवर आभाळ स्वच्छ होतं. तरी त्याला वाटलं, वर टोकाशी जरा धूसर आहे. असेलही. इतकी माणसं काय उगाच म्हणतात? आपण अंदाजाने फेकलं आणि नेमकं तेच व्हायचं असेल, असंही होतं कधी कधी. त्याला स्वतःलाच तो भोंगा इतका हवा होता, की परतताना पावलं हलकी झाली.

तो पुन्हा श्रीकृष्णाकडे गेला नाही. अजून दोन दिवस हातात होते. हात धरून, ओढत नेऊन, पिथमपूरच्या बसमध्ये बसवून देता आलं असतं. त्याऐवजी त्याने ओट्याला दुसरा हात दिला, चुन्यात जरा जास्त नीळ टाकून.

पाडव्याच्या सकाळी सूर्य वर येतो न येतो तोच गल्ली उभी होती. दारोदार गुढ्या, भिंती अशा पांढऱ्याशुभ्र की त्यांच्याकडे बघवेना. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, हातात घासलेले डबे. अरुंधतीवहिनींनी श्रीकृष्णाच्या डब्यात श्रीखंड भरलं होतं. सात वाजले. सुधाकरने मनगट कानाला लावून घड्याळ चालू असल्याची खात्री केली. सव्वासात. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, दोघं हसले आणि पुन्हा चिमणीकडे बघू लागले.

आठ वाजता अरविंद डबा घेऊन घरात गेला. मग बाकीचे.

दगडूला वाटलं होतं, मारतील. शिव्या तरी घालतील. पण सुधाकर जाता जाता इतकंच म्हणाला, ‘‘धूर मला दिसला होता रे.’’ श्रीकृष्ण मात्र ओट्यावरच बसून राहिला, डबा मांडीवर धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूने खाकी विजार चढवली, श्रीकृष्णाकडून ती चिठ्ठी मागून घेतली आणि महूच्या बाजूने जाणारी बस पकडून पिथमपूर गाठलं. फाटकावर दोन तास बसला, तेव्हा आत घेतलं. काचेच्या खोलीत तिशीतला साहेब होता. दगडूने ठरवलं होतं, आज एक शब्दही पदरचा घालायचा नाही. त्याने जसंच्या तसं सांगितलं. पोह्यांचा गाडा, धूर, अख्ख्या गल्लीने काढलेल्या खाटा, पाचचे गजर, डब्यातलं श्रीखंड. गुन्हा माझा आहे साहेब, त्या माणसाला सजा देऊ नका.

साहेब आधी गालात हसला. मग खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसला. शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावलं, ‘‘आइए, आइए, इनकी सुनिए,’’ म्हणाला आणि दगडूला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दगडूने सांगितलं. पाडव्याच्या सकाळशी आला तेव्हा त्या तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून हसून.

‘‘चाचा, क्या किस्सा बनाया है,’’ साहेब डोळे पुसत म्हणाला. त्याने चहा मागवला. मग म्हणाला की जागा कालच भरली.

‘‘किस्सा नाही साहेब. घडलंय.’’

‘‘हाँ हाँ,’’ साहेब म्हणाला. ‘‘चाय पीजिए.’’

परतीच्या बसमध्ये दगडूच्या डोक्यात आपोआप जुळवाजुळव सुरू झाली. साहेब म्हणाला, नाव लिहून ठेवलंय. साहेब म्हणाला, आणखी दोन महिन्यांनी नवं शेड उभं राहतंय, तेव्हा पहिलं बोलावणं श्रीकृष्णाला. साहेबाची आई निघाली देवासची, अरुंधतीवहिनींच्या माहेरची. वाटेतलं राऊ गाव मागे पडेपर्यंत गोष्ट अशी तयार झाली होती, की कुठून सांधा दिसू नये.

श्रीकृष्ण ओट्यावर उभाच होता. त्याच्या मागे दारात अरुंधतीवहिनी, हातातलं काम तसंच धरून.

‘‘काय म्हणाले?’’ श्रीकृष्णाने विचारलं.

दगडूने चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

‘‘जागा भरली,’’ तो म्हणाला.