मागं वळून बघणाऱ्या पक्ष्याची थाळी

मी एक जुनी मातीची थाळी आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटाला तारेचे सात टाके आहेत. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही टक लावून बघत बसणार नाही.

मला घडवलं काल्मान कुंभाराने, पण रंगवलं त्याच्या बायकोने, यूलीने. गाईच्या पोकळ शिंगात रंग भरायचा, टोकाला पिसाची नळी बसवायची आणि धार सोडायची. सुटलेली धार काही परत घेता येत नाही. हिरव्या काठाच्या आत तिने ट्युलिपची फुलं काढली आणि मधोमध पक्षी काढायला घेतला. तेवढ्यात पाळण्यातलं पोर रडलं, यूलीने मान वळवली आणि तिच्याबरोबर पक्ष्याचीही मान वळली.

"अगं, हा तर मागं बघतोय!" काल्मान म्हणाला.

"बघू दे की! काहीतरी विसरला असेल," यूली म्हणाली, आणि मी तशीच भट्टीत गेले.

जत्रेत मला पिरोश्काच्या आईने घेतलं. पिरोश्का तेव्हा चौदा वर्षांची होती. आमच्या टेकड्यांमध्ये ईस्टरनंतरच्या रविवारला पांढरा रविवार म्हणतात. त्या दिवशी मुली आपल्या लाडक्या मैत्रिणीला थाळी पाठवतात. थाळीत खसखशीचा गोड पाव, वाइनची चिमुकली बाटली आणि रंगवलेली अंडी असतात. मैत्रिणीने त्यातलं एक अंडं उचलायचं, आपण रंगवलेलं एक ठेवायचं आणि थाळी परत पाठवायची. झालं, मैत्री आयुष्यभराची! काहीच न उचलता थाळी परत आली तर मात्र समजायचं, नको म्हणाली.

थाळी आपण स्वतः न्यायची नसते, दुसऱ्या मुली गाणं म्हणत नेतात. पण पिरोश्काला कुठला धीर! "नीट धरा गं, नीट धरा" करत ती मागोमाग धावली, मला हिसकावलं आणि बरोबर तिच्या लाडक्या मैत्रिणीच्या, एतेल्काच्या, उंबऱ्यावर पाडलं. तडा गेला. पिरोश्काने भोकाड पसरलं. एतेल्काने शांतपणे मातीतलं एक अंडं उचललं, पुसलं, आपलं एक माझ्यात ठेवलं आणि म्हणाली, "रडता कशाला? घेतलं ना मी!"

कालपर्यंत एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या या पोरी त्या दिवसापासून एकमेकींना अहो-जाहो करायला लागल्या. आमच्याकडे तशीच रीत आहे. पुढच्या आठवड्यात फुटकी भांडी तारेने सांधत गावोगाव फिरणारा तारवाला आला, त्याने मला सात टाके घातले. मग पिरोश्काने मला एतेल्काच्याच हवाली केलं. "आता दरवर्षी तुम्हीच पाठवा हो. मी पाडते."

आणि खरंच, दरवर्षी एतेल्का मला भरून पाठवायची, पिरोश्का एक अंडं बदलून मला परत पाठवायची. दोघींची लग्नं झाली, लढाई आली आणि गेली, तरी माझी ही फेरी चुकली नाही.

मग एका हिवाळ्यात पिरोश्काकडे डुक्कर कापलं. डुक्कर कापलं की जवळच्या माणसांकडे सॉसेजचा वाटा जातो. एतेल्का संध्याकाळपर्यंत खिडकीत बसून राहिली, पण वाटा काही आला नाही. कुणी विसरलं की वाटेत कुणी खाल्लं, देव जाणे! "अख्ख्या गल्लीला पोचला, मी तेवढी परकी!" एतेल्का म्हणाली. ते पिरोश्काच्या कानावर गेलं. "एका सॉसेजवरून माझी किंमत करतात होय!" पिरोश्का म्हणाली. त्या वसंतात मी फडताळातून बाहेर निघालेच नाही. पुढच्याही नाही.

सातेक वर्षांनी गेर्झोन मास्तर आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना जुन्या थाळ्यांचं वेड लागलं होतं. सायकलला इनॅमलची नवी कोरी पातेली अडकवून ते दारोदार फिरायचे, पातेलं द्यायचे आणि थाळी घ्यायचे. एतेल्काने मला निळ्या पातेल्यावर देऊन टाकलं. "न्या हो. मेला तो पक्षी सारखा माझ्याकडेच बघतो."

खोटं कशाला बोलू, मास्तरांनी माझे फार लाड केले. मी त्यांच्या भिंतीवरची एक्केचाळिसावी थाळी. रोज कोंबडीच्या पिसाने धूळ झाडायचे आणि पाहुण्यांना आधी मला दाखवायचे. "मास्तर, भिंतीला जेवू घालता की काय?" शेजारी चिडवायचे. मी मनात म्हणायचे, घातलं असतं तर बरं झालं असतं. पंधरा वर्षांत माझ्यावर पावाचा तुकडा पडला नाही.

आणि एका शनिवारी दारात एतेल्का उभी! केस पांढरे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बूड जळलेलं निळं पातेलं.

"हे घ्या तुमचं पातेलं. माझी थाळी द्या."

"अहो एतेल्काबाई, पंधरा वर्षं झाली! आणि पुढच्या महिन्यात शहरातलं संग्रहालय हिला न्यायला येतंय."

"पिरोश्काबाई सोमवारी लेकीकडे चालल्यात. घर विकलं. आता परत येणार नाहीत. आणि उद्या पांढरा रविवार आहे, मास्तर."

मास्तर गडबडले. "दुसरी न्या ना. ही बघा, हिला एकसुद्धा टाका नाही."

"टाके नसतील तर त्या ओळखतील कशा?"

"बरं, न्या. पण तिच्यात अंडी ठेवायची नाहीत."

"मग काय रिकामी पाठवू? त्यापेक्षा दारात जाऊन त्यांच्या थोबाडीत मारते!"

मास्तरांनी पिसाने माझी धूळ झाडली. मग त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. "नेणार मी. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही."

रविवारी मास्तर टाय बांधून, मला छातीशी धरून निघाले. आत पाव, बाटली, चार अंडी. "मास्तर, गाणं कुठंय?" फाटकातल्या बाया हसल्या. मास्तरांनी बेसूर आवाजात गाणंही म्हटलं. मला मात्र एकच धास्ती होती. पिरोश्काने अंडं उचललंच नाही तर?

पिरोश्काने दार उघडलं. मागं दोरीने बांधलेली खोकी होती. तिने मला पाहिलं, बोट पुढं करून टाके मोजले, सात. अंड्यांना हात लावला नाही.

"बावीस वर्षांनी आठवण झाली का?" असं म्हणून ती पाठ फिरवून आत गेली. मास्तरांनी मला छातीशी आणखी घट्ट धरलं. मला वाटलं, संपलं सगळं.

आतून खोक्याची दोरी सोडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत एक लाल अंडं होतं, त्यावर पांढरा ट्युलिप. एतेल्काचं एक अंडं तिने उचललं आणि आपलं माझ्यात ठेवलं.

"मास्तर, त्यांना सांगा, दर ईस्टरला मी एक अंडं जास्तीचं रंगवत होते. हे बाविसावं. थाळीच येत नव्हती."

मास्तरांनी तिकडे जाऊन शब्दन् शब्द सांगितला. एतेल्काने ते अंडं गालाला लावलं आणि कितीतरी वेळ रडली. मग डोळे पुसून हळूच विचारलं, "सॉसेजचं काही बोलल्या?"

"नाही."

"बरं झालं बाई."

आता मी संग्रहालयात असते. पण मास्तरांनी तिथे आधीच लिहून घेतलंय की दर पांढऱ्या रविवारी मला सुट्टी. त्या दिवशी मी भरून, बसने, पिरोश्काच्या लेकीच्या घरी जाते.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, धूळ झाडा, आपटू नका. पण एकदा आपलं फडताळही उघडून बघा. दुसऱ्या कुणाचं एखादं भांडं तुमच्याकडे राहून गेलं असेल. ते परत नेऊन द्या, आणि रिकामं देऊ नका. तिकडे कुणीतरी दरवर्षी एक अंडं जास्तीचं रंगवत असेल.