चौतीस कोरे दंड

दत्तोपंतांच्या अंगणात चौतीस पोरं बाह्या वर सारून उभी होती आणि त्यांच्यामागे दोन-तीनशे माणसं श्वास रोखून. सदुसष्ट सालचा मार्च महिना होता. आजूबाजूच्या वस्त्यांत देवीची साथ आली होती आणि पाचपावलीच्या रुळांपलीकडच्या या वस्तीत ती यायची तेवढी बाकी होती.

देवराव रांगेतून चालत होते. बावीस वर्षं त्यांचं काम एकच, देवी काढणं. दंडावर लसीचा थेंब टाकायचा, वर दातेरी चक्री दाबून फिरवायची, आठव्या दिवशी येऊन फोड उठला का ते पाहायचं. छप्पन साली त्यांनी घरातले सगळे देव बाहेर काढले होते, पण खात्यानं गळ्यात घातलेली ही एक देवी काही सुटली नव्हती. लोक त्यांना देवीवालाच म्हणत.

"काही नाही," देवराव म्हणाले. दुसरा दंड. "काही नाही." तिसरा. चौतिसाव्यापर्यंत त्यांचा आवाज बसला. एकाही दंडावर फोड नव्हता.

दत्तोपंतांनी दोन्ही हात वर केले. हे गृहस्थ तारखात्यातून निवृत्त झाले होते आणि होमिओपॅथीची डिग्री त्यांना टपालानं आली होती. खात्याशी ऋणानुबंध म्हणायचा.

"पाहिलंत? या पोरांनी सात दिवस माझ्या गोळ्या घेतल्या. मग मीच देवरावांना म्हटलं, या, काढा देवी! आणि लस हरली! आत शिरायला तिला जागाच मिळाली नाही. काय आहे माझ्या गोळीत? देवीची एक खपली. ती शंभर थेंबांत. त्यातला एक थेंब पुन्हा शंभरात. असं दोनशे वेळा! शेवटी काय उरतं?"

"काहीच नाही जी," पुढं बसलेला नत्थू विणकर म्हणाला.

"शाब्बास! काही उरत नाही, म्हणून तर अपाय नाही. उरते ती फक्त आठवण. पाण्याला रोग आठवतो आणि शरीराला पाणी!"

नत्थूनं मान डोलावली. शरीराला पाणी कसं आठवतं हे त्याला कळलं नव्हतं. पण कळलं असतं तर त्यानं मान डोलावली नसती.

देवरावांच्या खात्याचा नियम होता : फोड उठला नाही तर पुन्हा एकदा लस द्यायची; तरीही उठला नाही तर अंगात आधीच संरक्षण आहे असं धरायचं. नियमाप्रमाणे त्यांनी चौतीस दंडांवर दुसऱ्यांदा चक्री फिरवली. आठ दिवसांनी दंड पुन्हा कोरेच. देवरावांनी 'संरक्षित' असं लिहून खाली सही केली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या चौतिसांतला चार वर्षांचा केशव देवीनं गेला.

---

तेव्हापासून देवरावांना माणसं दिसेनाशी झाली, दंड दिसू लागले. सीताबर्डीच्या भर बाजारात दुपारी बारा वाजता ते थांबत आणि आईच्या कडेवरच्या अनोळखी पोराची बाही वर सारून पाहत. "काहून जी, काय झालं?" बाई विचारी. ते उत्तर न देता पुढं जात. चौतीस कोरे दंड त्यांच्यामागं चालत असत आणि त्यातला एक थंड होता.

त्यांची बायको भीमाबाई सरळ बोलणारी. "छप्पन साली घरातले देव काढले, अन् सदुसष्टात साखरेच्या गोळीपुढं मान डोलावली! मास्तरीण आहे का मी? मलेबी कळते, साखर खाल्ल्यानं देवी जात नाही."

"मी नियमानं वागलो वं."

"मंग नियमाले इचारा, पोरगं कुठं गेलं."

त्याच दुपारी देवराव केशवच्या घरी गेले. त्याची आई देवकी मागाशेजारी बसली होती. माग बंद होता. तिनं पाट सरकवला, पण नजर वर केली नाही.

"माह्यानंच गेला भाऊ तो," ती म्हणाली. "डॉक्टरनं बजावलं होतं, गोळ्या चालू असताना घरात कांदा शिजवू नका, वासानं गोळी मरते. मी त्या दिवशी झुणका केला. दुसरं काही नव्हतंच घरात. डॉक्टर म्हणाले, बाई, औषध खरं होतं, पथ्य तुम्ही मोडलं." तिनं मागावरचा सुटा धागा ओढला. "त्यानं आवडीनं खाल्ला. आणखी मागितला."

एवढ्यात केशवची थोरली बहीण, सहा वर्षांची जया, फाटक्या बाहीच्या पोलक्यात आत आली. देवरावांचं लक्ष सवयीनं दंडावर गेलं. तिथं नाण्याएवढा, नुकता भरत आलेला गुलाबी व्रण होता.

"हे कुठून आलं?"

"तुमीच तं केलं," जया म्हणाली.

"पण पस्तिसांतली तू एकटी तं आठव्या दिवशी नव्हती! भिवापूरले आजोळी गेली म्हणून सांगितलं मले!"

देवकीनं पदर तोंडाला लावला. "घरातच होती जी. हिचा फोड उठला, तापबी आला. साऱ्या वस्तीत हिच्या एकटीचाच. डॉक्टरच्या गोळीले बट्टा लागला असता, लोक म्हणाले असते यायनं पथ्य मोडलं. म्हणून कोठीत लपवली."

"केशवजवळ कोण निजत होतं?"

"हीच. एका पांघरुणात."

देवराव हळूच जयासमोर बसले. एकच घर, त्याच गोळ्या, तोच कांदा, त्यांच्याच बाटलीतली लस. भाऊ गेला आणि ही समोर उभी होती.

"बेटा, तुह्या हाताले अन् केशवच्या हाताले काय वेगळं केलं होतं?"

"मी पळाली होती. तुमी चक्री फिरवली का तो डॉक्टर कापसाचा बोळा लावे. मी लावू नाही दिला. चावली त्याले." तिनं नाक मुरडलं. "घाण वास येते त्याचा. आमचे आबा पगाराच्या दिवशी येतात ना, तसा."

देवरावांनी डोळे मिटले. बोळा. तो ज्यात भिजवत त्या अर्काला दत्तोपंत 'शांतिजल' म्हणत. दोन्ही खेपांना चक्री फिरली की ते लगेच बोळा दंडावर दाबत आणि रडणारं पोर गार स्पर्शानं गप्प होई. बावीस वर्षं बायका पोरांना देवरावांच्या नावानं भेडसावत आल्या होत्या, ते दिसले की दारं लावून घेत. दत्तोपंतांनी बोलावलं त्या दिवशी पहिल्यांदा कोणी दार लावलं नाही. पहिल्यांदा त्यांना कोणी बस म्हटलं, चहा दिला. बोळ्याचा वास त्यांनाही आला होता. शिकताना पहिल्याच दिवशी साहेबानं सांगितलं होतं, स्पिरिट आणि लस यांची भेट होऊ देऊ नका, लस मरते. ते हे विसरले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं नाही.

"देवकीबाई," ते म्हणाले, "उद्या डॉक्टरच्या अंगणात या. तुमच्यासमोर सांगाचं आहे."

---

दुसऱ्या दिवशी अंगणात पहिल्यापेक्षा जास्त गर्दी होती. केशव गेल्यावर लोकांनी गोळ्या सोडल्या नव्हत्या; जास्त जोरदार गोळ्या मागितल्या होत्या. दत्तोपंत चारशे वेळा पातळ केलेली देत होते.

देवरावांनी टेबलावरची शांतिजलाची बाटली उचलली.

"डॉक्टरसाहेब, हे पाणी आहे ना?"

"अभिमंत्रित नव्हे, शास्त्रोक्त पाणी," दत्तोपंत म्हणाले. "अर्क आहे तो."

देवरावांनी पितळी ताटलीत थोडं ओतलं आणि काडी ओढून त्याला टेकवली. उन्हात ज्योत दिसली नाही. लोक हसायला लागले. मग त्यांनी कडुलिंबाचं वाळकं पान वर धरलं आणि ते भुर्रकन पेटलं. हसू थांबलं.

"आगीचं पाणी!" नत्थू पुटपुटला.

"आग नाही गा, स्पिरिट. यात गोळीची करामत नाही अन् लस हरलीबी नाही. माही लस जित्ती असते. तिच्यावर हे पडलं की मरते. मेलेली लस दंडावर उठणार कशी? लस मारून टाकली अन् आपण म्हटलं, पाहा, पोराले गरजच नाही!"

दत्तोपंतांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, अर्कात मद्यार्क असतोच. मी तो मुलांना थंड वाटावं म्हणून... मला काय ठाऊक!" त्यांना खरोखर ठाऊक नसावं. चौतीस पोरांना त्यानं फरक पडत नव्हता.

"तुमाले ठाऊक नव्हतं," देवराव म्हणाले. "मले होतं."

देवकी गर्दीतून पुढं आली. "म्हंजे... कांद्यानं नाही?"

"नाही बाई. कांद्यानं कोणाचं पोर जात नाही. तुमचं पोर माह्या सहीनं गेलं."

देवकी पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटकाही होती आणि जिच्याकडं पाहवत नाही अशी आणखी एक गोष्ट. मग ती खाली बसली, शेजारणीचं पोर मांडीवर ओढून घेतलं आणि त्याची बाही वर केली.

"काढा," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तेहतीस पोरं रडली. कोणाच्याही दंडाला कापूस लागला नाही. देवकीनं एकेक हात वाळेपर्यंत धरून ठेवला. दोघांना उशीर झाला होता. त्यांना देवी आल्या, त्यातला एक वाचला.

आठव्या दिवशी एकतीस दंड देवकीच्या ओसरीवर होते. एकोणतिसांवर मोत्यासारखे टपोरे फोड उठले होते. उरलेल्या दोघांचे दंड देवराव पुन्हा लसीसाठी साध्या पाण्यानं धुऊन घेत होते. यावेळी कारण शोधल्याशिवाय काहीच लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

देवकीनं एका फोडाच्या कडेला अलगद बोट टेकवलं. "केशवचंबी असंच उठलं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "उठलं असतं," देवराव म्हणाले.

तिनं बोट काढून घेतलं. मग ओसरीवरच्या बायांकडं वळली.

"डॉक्टर असो, देवीवाला असो, भगत असो. पोराच्या अंगाले हात लावायच्या आधी इचारत जा वं, यात काय आहे, अन् हे काय करते. हजारदा इचारा. चिडले तरी इचारा. मी नव्हतं इचारलं."