कोटवाल्याचं पान

बुसानच्या टेकडीवरच्या युद्धस्मारकाच्या पायऱ्या चढतानाच युनसुलनं ठरवून टाकलं होतं, की घरी परतायच्या आत सासूबाईंना स्पष्ट नाही म्हणून सांगायचं.

गोष्ट कोटवाल्याच्या श्राद्धाची होती. घराण्यातली बाकीची श्राद्धं थोरल्या दिरांकडे होत. हे मात्र घराण्यातलं नव्हतंच. कोरियन युद्धाच्या हिवाळ्यात सासूबाई तान्ह्या असताना कुणा परक्या शिपायानं त्यांना आपला कोट दिला आणि तो आघाडीवर गेला तो गेलाच, एवढंच घरात ठाऊक. त्याचं ना नाव माहीत, ना गाव. सासूबाईंची आई दरवर्षी त्याचं पान वाढायची, तिच्यामागे सासूबाई. आता त्यांचे हात कापायला लागले होते. थोरल्या जाऊबाईंनी "आपल्या पितरांनाच पुरी पडत नाही मी" म्हणून अंग काढून घेतलं होतं. राहिली युनसुल. नोकरी, चार वर्षांची सेबोम, थंडी पडली की भरून येणारी तिची छाती, आणि त्या ऐन थंडीत रात्रभर तळण-शिजवण! तेही कुणा अनोळखी माणसासाठी!

"सेबोम, खाली उतर! रणगाडा आहे तो, घसरगुंडी नाही."

"चढू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "लढाई संपली म्हणून तर पोरं चढतायत त्यावर."

आत भिंतीवर मदतीला आलेल्या देशांचे झेंडे ओळीनं लावले होते. युनसुलचा एक डोळा सेबोमवर, दुसरा सासूबाईंच्या गुडघ्यांवर. सासूबाई एका झेंड्यापाशी थबकल्या त्या हलेचनात.

"अगं सेबोमच्या आई, हा लाल कुणाचा? चंद्र-चांदणीचा?"

"तुर्कस्तानचा."

"तेही आले होते?"

"आले होते की. पुष्कळ जण इथेच राहिले. खाली दफनभूमीत आहेत."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. "आई म्हणायची, त्याच्या बाहीवर चंद्र होता, पोटाशी चांदणी धरलेला. आम्ही तिला हसायचो. म्हणायचो, अमेरिकन शिपायाच्या बाहीवर कुठला आलाय चंद्र! मोठ्या नाकाचा दिसला की अमेरिकन, एवढीच आमची अक्कल. चल, चल खाली."

उतार होता. सेबोमचा हात एका हातात आणि सासूबाईंचा दुसऱ्यात धरून युनसुल उतरली. दफनभूमीत गवत कातरून सारखं केलेलं, त्यात जमिनीलगत बसवलेल्या नावांच्या पाट्या आणि प्रत्येक पाटीशी गुलाबाचं एकेक झुडूप. तुर्की शिपायांच्या ओळी केवढ्या तरी लांब होत्या. सासूबाईंनी पहिल्याच ओळीपाशी फतकल मारली आणि पिशवीतून तांदळाच्या दारूची बाटली काढली.

युनसुलनं आधी पहारेकरी कुठे आहे ते पाहिलं. "आई, खाणंपिणं आणायचं नाही अशी पाटी आहे फाटकावर."

"पाटी जिवंतांसाठी असते."

"अहो आई, थांबा! हे लोक मुसलमान. दारूला शिवत नाहीत."

बूच उघडता उघडता सासूबाई थांबल्या. "थेंबभरसुद्धा?"

"थेंबभरसुद्धा. आणि डुकराचं मांसही."

"अगं आई गं! मी तर दरवर्षी तीन-तीन पेले ओतत आले! आणि आईनं शिकवलेले ते डुकराच्या खिम्याचे वडे! पानात सगळ्यात पुढे तेच मांडायचे!"

युनसुलला हसू आवरेना. सासूबाईही हसल्या, पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"दार किलकिलं ठेवून त्याला आत बोलवायचं आणि पुढ्यात हे वाढायचं. उंबऱ्यावरूनच मागे फिरत असेल गं बिचारा. दरवर्षी उपाशी." त्यांनी बाटली पिशवीत कोंबली. "तुझं मन मला कळतंय, सूनबाई. नाही म्हणायचंय ना तुला? माझंही मत आता तेच झालंय. चुकीचं पान वाढण्यापेक्षा न वाढलेलं बरं. बंद करून टाकू."

न मागता सुटका झाली होती. "बरं," एवढंच म्हणायचं बाकी होतं.

तेवढ्यात सेबोम आजीच्या मांडीवर रेलली. "आजी, तू थंडीनं खूप रडत होतीस म्हणून त्यानं कोट दिला?"

"नाही गं बाळा. मी रडतच नव्हते." सासूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. "रस्ताभर बर्फ आणि पळून चाललेली माणसं. आईनं मला पाठीशी बांधलेलं. मी गप्प झाले तशी तिला वाटलं, झोपली एकदाची. तेवढ्यात समोरून येणाऱ्या ट्रकमधून त्यानं उडी टाकली. आईला वाटलं, हा आता आपल्याला ओढून नेणार. कडकडून चावली ती त्याच्या हाताला. त्यानं तो हात तसाच राहू दिला आणि दुसऱ्या हातानं मला सोडवून कोटाच्या आत छातीशी घेतलं. पाठ चोळत राहिला, कितीतरी वेळ. मग कुठे मी रडले. तेव्हा आईला कळलं, की मी झोपलेली नव्हते. कोट आम्हाला गुंडाळून तो नुसत्या सदऱ्यावर ट्रकमध्ये चढला. ट्रक खिंडीकडे गेला. रात्रभर तिथून गोळीबार ऐकू येत होता. त्या वाटेनं परत कुणी आलं नाही."

हे युनसुलला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कोट दिला, एवढंच ती ऐकत आली होती.

रडणाऱ्या मुलाची काळजी नसते. ते गप्प झालं की आईच्या काळजात धस्स होतं. सेबोम रात्री फार शांत झोपली तर युनसुल उठून तिच्या नाकाशी बोट धरायची, आणि नवरा कुशीवर वळत म्हणायचा, "जिवंत आहे ती, झोप आता." आणि त्या गर्दीत, शेकडो लोक रडत-ओरडत चाललेले असताना, लढाईला निघालेल्या एका माणसाला एका मुलाचं न रडणं दिसलं होतं. त्याला दिसलं नसतं तर आज या गवतावर सासूबाई नसत्या, कुशीवर वळणारा नवरा नसता, आणि आजीच्या मांडीवर बसून बुटाची पट्टी उपटणारी ही कार्टीही नसती.

"मासा चालतो त्यांना," युनसुल म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"मासा, आई. भात, भाज्या, नासपती. वडे माशाचे करू. पेल्यात दारूऐवजी सिक्हे ओतू, तांदळाचं गोड सरबत."

"तू करणार?"

"करीन. पण शेजारी बसून सांगायचं तुम्ही. मला वडे जमत नाहीत."

"ते माहितीय मला. तुझे वडे खाल्ले की तोच म्हणेल, उपाशी होतो ते बरं होतं." पण सुनेचा हात त्यांनी घट्ट धरला होता, आणि सोडायला त्या तयार नव्हत्या.

"यातला तो कोणता गं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. इथे असेल, नाहीतर त्या खिंडीतच राहिला असेल. आपण सगळ्यांनाच करू या नमस्कार."

युनसुलनं गुडघे टेकले, कपाळ गवताला लावलं. काय म्हणायचं ते तिला सुचेना, म्हणून ती नुसतीच जरा जास्त वेळ वाकून राहिली. शेजारी सेबोम नमस्कार करता करता कोलमडली आणि पुन्हा उठून वाकली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाकता येईना. उठून उभ्यानंच हात जोडून त्यांनी त्या लांबच लांब ओळींना मोठ्यांदा सांगितलं, "आजवरच्या पानाबद्दल माफी करा, बाबांनो. आम्हाला अक्कल नव्हती. ही माझी धाकटी सून. आता जेवायला हिच्याकडे यायचं. ग्वांगआन पुलासमोरची पांढरी इमारत, तिसरा मजला."

"चौथा, आई," मान वर न करताच युनसुल म्हणाली. "पत्ता नीट सांगा. आणि लिफ्ट आहे म्हणावं."