रोजचे ऐंशी किलोमीटर

"रोजचं रनिंग किती?" शोरूममधल्या विक्रेत्याने विचारलं आणि पंपवाल्यांनी पापणीही न हलवता सांगितलं, "ऐंशी किलोमीटर."

शिवणवाल्या बाईंनी नवऱ्याकडे चमकून पाहिलं. पाणीपुरवठ्याच्या पंपावर पस्तीस वर्षं काढलेला हा माणूस महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. बाजार आणि दवाखाना, एवढ्यापुरती छोटी पेट्रोल गाडी घ्यायची, असं घरी ठरलं होतं. मग रोज ऐंशी किलोमीटर जाणार कुठे?

"मग डिझेलच परवडेल," विक्रेता खुशीत म्हणाला.

"पेट्रोल," बाई म्हणाल्या. "गाडी दारातच उभी राहणार आहे."

"डिझेल," पंपवाले म्हणाले. आजवर पडद्याचा रंगसुद्धा बायकोला विचारल्याशिवाय न ठरवणारे हे गृहस्थ!

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. गेले चार महिने दर रविवारी यांची 'जादा पाळी' असायची. डबा नको म्हणायचे. परत आले की अंगाला ग्रीसचा नव्हे, पावडरीचा वास. पंपावरची ती हसरी हिशेबनीस गावाबाहेर राहायला गेली, तीही याच सुमारास. म्हातारचळ म्हणतात तो हाच, असं बाईंना वाटलं. विक्रेता चहा सांगायला वळला तशा त्या कडाडल्या.

"चाळीस जायला, चाळीस यायला. कोण आहे तिथे?"

पंपवाले गाडीच्या दाराची उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "चिमी."

चिमी त्यांची एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी तिने परस्पर लग्न केलं, तेव्हा 'या घरात तिचं नाव काढायचं नाही,' असं बाईंनीच बजावलं होतं.

"मुलगी झालीय तिला. चार महिन्यांची. पुढच्या महिन्यात चिमी कामावर जाणार. दिवसभर मी सांभाळतो, असं कबूल केलंय."

बाईंना आधी हायसं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली. पाठोपाठ संताप आला. "चार महिने! आणि मला हे गाडीच्या दुकानात कळतंय?"

"तूच नाव काढू नका म्हणालीस."

विक्रेता चहा घेऊन आला. "काय ठरलं?"

"डिझेल," बाई म्हणाल्या. चहाला त्यांनी हात लावला नाही. विक्रेता कागद आणायला गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला साधा लंगोट तरी बांधता येतो का?"

"शिकवलं चिमीने."

चिमीला ते कोणी शिकवलं, हे विचारायचं धाडस बाईंना झालं नाही.