उतारावर चालू, सपाटीवर बंद

मित्रांनो, निळ्या रंगाचा, लाकडी हौद्याचा आणि चढावर थोडा खोकणारा एखादा ट्रक तुम्ही कधी पाहिला असेल, तर तो बहुधा मीच. माझं वय झालंय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा दरवाजा करकरला की तुम्ही हसणार नाही. हसलात तरी चालेल म्हणा. गेल्या वर्षी माझ्यावर असे काही दिवस आले होते, की त्यापुढे तुमचं हसणं काहीच नाही. त्या दिवसांचीच गोष्ट मी सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून निघालो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. पुढे इंजिन, खाली चाकं आणि मध्ये सगळं उघडं. मला न्यायला एक तरुण ड्रायव्हर आला. त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल गड्या." बस, तेवढ्यावर आमचं जमलं. आज त्या ड्रायव्हरला घरातले सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

बाबांनी आणि मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! विटा वाहिल्या, गवत वाहिलं, एकदा तर भिंतीएवढा आरसा वाहिला. त्या दिवशी रस्त्यातला प्रत्येक माणूस माझ्याकडे वळून बघत होता आणि मी फुशारून गेलो होतो. ते सगळे आरशात स्वतःला बघत होते, हे मला नंतर कळलं. पुढे बाबांचा मुलगा सुतार झाला. त्याने कारखाना काढला, आणि मग दारं, खिडक्या, चौकटी पोचवणं हेच माझं काम झालं.

बाबांची एक सवय होती. सुरुवातीच्या काळात माझी बॅटरी फार कमकुवत होती. कधी दगा देईल याचा नेम नसे. म्हणून बाबा मला नेहमी उतारावर, तोंड खाली करून उभा करायचे. बॅटरीने मान टाकली तरी गाडी घरंगळत सोडायची, गिअर टाकायचा, की इंजिन चालू. नंतर चांगली बॅटरी आली, पण सवय काही गेली नाही. सपाट जागा दिसली की बाबा पुढे जायचे, उतार सापडला की थांबायचे. मग सामान उतरवणारे बिचारे शंभर पावलं जास्त चालायचे आणि बडबडायचे. बाबांच्या कानावर ते कधी गेलंच नाही.

मग बाबांचे गुडघे कुरकुरू लागले. क्लच दाबताना त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा. दोन वर्षं त्यांनी आपल्या सुनेला ट्रक शिकवला होता. तिचा हात हलका होता आणि डोकं शांत. ती गिअर टाकायची तो मला कळायचासुद्धा नाही. एके दिवशी बाबा तिला म्हणाले, "आता किल्ली तू सांभाळ. पण त्याआधी याला एकदा नीट नटवून देतो."

मित्रांनो, पंधरा दिवस ते माझ्यापाशी बसून होते. दुसऱ्या कुणी वरवर ब्रश फिरवला असता आणि हात झटकले असते. बाबांचं काम तसलं नाही. त्यांनी माझ्या खाली चटई अंथरली, पाठीवर आडवे झाले, एकेक पट्टी सोडवली, तिच्या खालचा गंज खरवडला, तिथे रंगाचे दोन हात दिले, रंग वाळू दिला आणि पट्टी पुन्हा जिथल्या तिथे घट्ट आवळली. गुडघे दुखत असताना हे सगळं. इतकी माया माझ्यावर कुणी केली नाही. मी नव्या नवऱ्यासारखा दिसत होतो. ताईच्या हातात किल्ली देताना बाबांचे डोळे भरून आले होते. ताई म्हणजे सून. कारखान्यातले सगळे तिला ताई म्हणतात.

आणि पहिल्याच खेपेला माझा घोटाळा झाला.

ताईने मला गिऱ्हाइकाच्या दारात, छान सपाट जागेवर उभं केलं. खिडक्या उतरल्या. तिने किल्ली फिरवली. टक! एवढाच आवाज झाला आणि पुढे काही नाही. दिवे लख्ख पेटत होते. हॉर्न तर असा ठणठणीत वाजला, की गिऱ्हाइकाच्या घरातली मांजर पळून गेली. फक्त सेल्फ उचलत नव्हता. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. ताईने पाच-सहा वेळा किल्ली मारली आणि सातव्या वेळी मी एकदम चालू झालो. का झालो, ते माझं मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी अगदी शहाण्यासारखा वागलो. चौथ्या दिवशी पुन्हा टक! घरी आल्यावर बाबा केबिनमध्ये बसायचे, कारखान्याच्या उतारावर किल्ली फिरवायचे, आणि मी पहिल्या झटक्यात चालू. असा राग यायचा मला माझा!

"बघ, मला होतो की चालू," बाबा म्हणायचे. "तू किल्ली लवकर सोडतेस. हाताचा अंदाज लागतो याला."

सुताराने बॅटरी बदलली. मेकॅनिकने सेल्फ उघडला, साफ केला, परत बसवला. किल्लीचं कुलूपही नवीन झालं. मी दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी बंद. लोकांनी मला धक्का मारला. कारखान्यातले कामगार ताईला बघून आपसात हसू लागले. एका गिऱ्हाइकाने तर तोंडावर विचारलं, "बाबा का नाही आले? त्यांच्या हातात बरी चालायची गाडी."

त्या दिवशी ताई काच वर करून केबिनमध्ये बसली आणि रडली. हे फक्त मला ठाऊक आहे. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, पोरी, तुझी काही चूक नाही. पण माझ्याकडे फक्त हॉर्न होता.

शेवटी बाबांनी निकालच लावला. गुरुवारी एका नव्या शाळेचे बत्तीस दरवाजे पोचवायचे होते. बाबा म्हणाले, "गुरुवारी हा अडला, तर किल्ली माझ्याकडे परत दे. आणि माझ्याच्याने झेपलं नाही, तर याला भंगारात देऊ. रोज उठून चारचौघांत शोभा नको." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. ताईने मान खाली घातली. माझ्या टायरांतली हवाच गेली म्हणा ना.

सोमवारी ताईने स्वतःहून वायरिंगवाल्या काकांना बोलावलं. या काकांना सगळे सबूरकाका म्हणतात, कारण ते कधीच घाई करत नाहीत. ते आले, चहा प्यायले आणि माझ्याकडे नुसते बघत बसले. त्यांनी एकही स्क्रू उघडला नाही. ताईला वाटलं, झालं, हेही गेले कामातून.

"आजवर सगळ्यांनी काय काय बदललं ते सांगितलंस," काका म्हणाले. "आता कधी बंद पडतो ते सांग. गरम असताना की गार असताना? भरलेला की रिकामा? कुठे उभा असताना?"

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता, मित्रांनो! दुखतं कुठे, हे विचारायच्या आधीच सगळे औषध देत होते.

काकांनी ताईला दोन दिवस नोंद ठेवायला सांगितली. तिने प्लायवूडचा एक तुकडा घेतला आणि सुताराच्या पेन्सिलीने प्रत्येक वेळ लिहिली. गार होता, रिकामा होता, कारखान्यात उभा होता, चालू. गरम होता, भरलेला होता, गोदामासमोर उभा होता, बंद. असं करत एकोणीस ओळी झाल्या. बुधवारी सकाळी काकांनी तो तुकडा गुडघ्यावर ठेवून वाचला आणि विचारलं, "कारखान्यात एकदाही बंद पडला नाही. कारखान्यात असं काय आहे?"

ताई तुकड्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "उतार! काका, तोंड खाली करून उभा असला की चालू होतो. सपाटीवर अडतो. बाबा नेहमी उतारावरच लावतात, म्हणून त्यांना कधीच त्रास झाला नाही!"

"चल, सपाटीवर घे," काका म्हणाले.

तिने मला रस्त्यावर सपाट जागी नेऊन बंद केलं. काकांनी विजेचा दाब मोजायचं मीटर काढलं. एक तार बॅटरीच्या वजा टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "मार किल्ली." टक! मीटरवर सातचा आकडा आला.

"इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं," काका म्हणाले. "वीज सेल्फपर्यंत येते, पण तिला परत जायला वाट नाही." मग त्यांनी एक जाड केबल बॅटरीच्या त्याच टोकापासून थेट इंजिनाला धरली. ताईने किल्ली फिरवली आणि मी असा धडधडत चालू झालो, की तिने स्टिअरिंगवर डोकंच टेकलं.

काका माझ्या खाली सरकले. इंजिन आणि चेसिस, म्हणजे माझा लोखंडी सांगाडा, यांना जोडणारी तारांची एक विणलेली रुंद पट्टी असते. वीज परत जाते ती हिच्यावरून. काकांनी ती सोडवली. पट्टी जिथे लोखंडाला टेकते, नेमका तिथे रंग होता. निळा, गुळगुळीत, दोन हात दिलेला. रंगातून वीज जात नाही. उतारावर उभा असलो की माझं इंजिन केसभर पुढे कलायचं, धुराच्या नळीची पकड चेसिसला टेकायची आणि विजेला तेवढी चोरवाट मिळायची. सपाटीवर ती टेकली तर टेकली.

बाबा शेजारीच उभे होते. त्यांना काही सांगावं लागलं नाही. रंग कुणाचा, हे त्यांना दिसत होतं. ताईने मनात आणलं असतं तर ती त्या वेळी बरंच बोलू शकली असती.

"पॉलिश पेपर द्या," बाबा म्हणाले. दुखऱ्या गुडघ्यांनी ते खाली बसले, माझ्याखाली सरकले आणि स्वतः तो रंग घासून काढला, लोखंड चकचकीत होईपर्यंत. पट्टी आवळून बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत निळा भुगा होता. ते सुनेला म्हणाले, "चूक माझी होती, पोरी. आणि बोललो मात्र तुला."

"बाबा, तुम्ही प्रेमानेच केलं होतं," ती म्हणाली.

"प्रेमाने केलं म्हणून काय झालं? तुला विचारायला तरी हवं होतं मी."

गुरुवारी आम्ही बत्तीस दरवाजे घेऊन निघालो. बाबा हट्टाने सोबत आले. पण या खेपेला ते ताईच्या शेजारच्या सीटवर बसले. शाळेचं पटांगण तव्यासारखं सपाट होतं. कडेला गेटपाशी चांगला उतार होता. ताईने सवयीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पटांगणाकडे बोट दाखवलं. "मधोमध लाव. सगळ्यांच्या समोर."

दरवाजे उतरले. ताईने किल्ली फिरवली आणि मी एका झटक्यात चालू झालो. मित्रांनो, नवा होतो तेव्हाही इतका आनंद मला झाला नव्हता. तेवढ्यात बांधकामावरचा मुकादम कागद घेऊन धावत आला. तो मला वर्षानुवर्षं ओळखतो. तो नेहमीसारखा बाबांच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "बाबा, ड्रायव्हर म्हणून इथे सही करा."

बाबांनी कागदाला हात लावला नाही. "त्या बाजूने जा," ते म्हणाले. "ड्रायव्हर तिकडे बसलीय. मी आपला सोबतीला आलोय."

मुकादम माझ्या नाकासमोरून वळसा घालून पलीकडे गेला. ताईने सही केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा पंखा, एखादी सायकल, एखादं घड्याळ मध्येच चालत असेल, मध्येच रुसत असेल. त्याला टाकून देण्याआधी, आणि मुख्य म्हणजे ते वापरणाऱ्या माणसाला बोल लावण्याआधी, कधी अडतं आणि कुठे अडतं एवढं विचारा. आम्हाला बोलता येत नाही. पण शेजारी बसून कुणी नीट बघितलं, तर आम्ही काहीच लपवून ठेवत नाही.